काळ्या जमिनीत घर : पायाचा हिशेब वेगळा मांडा

घर बांधायला काढलेला माणूस आमच्या दुकानात पहिल्यांदा येतो, तेव्हा तो काय विचारणार हे मला आता पाठ झाले आहे. सिमेंटच्या गोणीचा भाव, सळईचा भाव, आणि लगेच पुढचा प्रश्न, दर्शनी भिंतीला टाईल कोणती शोभेल? गेली पंचवीस वर्षे मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी माझे बांधकाम-साहित्याचे दुकान आहे. या काळात "माझ्या प्लॉटवर काळी माती किती फूट आहे आणि तिला पाया कसा हवा?" असे विचारणारी गिऱ्हाईके मी हाताच्या बोटांवर मोजू शकेन. आणि हेही कबूल केले पाहिजे की मी आपणहून ही गोष्ट कोणाला कधी विचारली नाही. टाईल विकण्यात माझा फायदा होता.

हा लेख लिहिण्याचे कारण घरातलेच आहे. माझ्या मेहुण्यांनी २०१२ साली गावाबाहेरच्या नव्या ले-आऊटमध्ये प्लॉट घेऊन पुढे किराणा दुकान आणि मागे तीन खोल्या असे एकमजली घर बांधले. ती जागा पूर्वी कापसाचे शेत होती. मिस्त्रींनी चार फूट खोदले. खाली काळी मातीच होती. तिच्यावरच दगडी पाया भरला, आणि खोदून निघालेली माती वाया जाऊ नये म्हणून जोत्यात भर म्हणून टाकली. सगळे साहित्य माझ्याच दुकानातून गेले. दुसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी चीर निघाली. पावसाळ्यात ती मिटली, तेव्हा सर्वांना हायसे वाटले. पुढच्या चैत्र-वैशाखात ती परत उघडली आणि तिच्यात बोट जाऊ लागले. दुकानाची फरशी मधोमध वर आली, मागचा दरवाजा पावसाळ्यात लागेना. दरवर्षी सिमेंट भरायचे, रंग द्यायचा, असे चालले. २०१९ साली धंदा वाढवण्यासाठी त्यांनी घर तारण ठेवून बँकेकडे कर्ज मागितले. मूल्यांकनाला आलेल्या इंजिनियरने तड्यांचे फोटो काढले आणि घराची किंमत इतकी कमी धरली की जवळपास रिकाम्या प्लॉटचीच रक्कम उरली. मागितलेल्या कर्जाच्या निम्मेही मिळाले नाही. मेहुणे मला म्हणाले, "भाईजान, आयुष्याची कमाई भिंतीत घातली, आणि कागदावर तिची किंमत शून्य!"

मिस्त्री कामचुकार नव्हते. सिमेंट चांगले होते, वाळू चाळलेली होती, भिंतीही ओळंब्यात होत्या. मग चूक कोठे झाली? याचा मी पुष्कळ विचार केला, इंजिनियर मंडळींना विचारले, आणि माझे एक मत बनले. ते आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंपुढे मांडावेसे वाटते.

काळी आणि पांढरी

आपल्या गावगाड्यात जमिनीचे दोन भाग मानले जात. शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. गावठाणाला आजही जुनी माणसे पांढरी म्हणतात. हे शब्द सारा वसुलीच्या कागदात असत, पण त्यामागे मोठे शहाणपण होते. पिकासाठी जी जमीन उत्तम, तीच घरासाठी वाईट, हे पूर्वजांना अनुभवाने कळले होते. म्हणून वस्ती उंचवट्यावर, मुरमाड किंवा पांढऱ्या मातीच्या जागी होई आणि काळी नांगराला सोडलेली असे.

आता गावठाणे भरली. तालुक्याची आणि जिल्ह्याची गावे चारी बाजूंनी पसरली, शेतांचे बिनशेती प्लॉट पडले, आणि आपण सगळे काळीत राहायला निघालो. दुकान, गोडाऊन, वर्कशॉप, घर, सारे तेथेच. याला इलाज नाही. परंतु काळीत राहायचे तर काळीचा स्वभाव ओळखून राहिले पाहिजे. आपण मात्र पांढरीतला पाया उचलून काळीत नेला आहे.

"आमच्या बापजाद्यांनी कोठे इंजिनियर आणला होता?" असे पुष्कळजण म्हणतात. खरे आहे. पण त्यांची घरे पांढरीत होती, आणि दगड-मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंती जाडजूड व मऊ होत्या. चीर पडली तर वर्षाच्या लिंपणात ती बुजून जाई. आजची सिमेंटमध्ये बांधलेली विटांची भिंत कडक असते. ती वाकत नाही, तुटते. त्यामुळे जमिनीची जी हालचाल जुन्या भिंतीने सहन केली असती, ती नव्या भिंतीला सोसत नाही.

ही माती करते काय?

दख्खनचा काळा दगड हजारो वर्षे झिजून, कुजून ही माती तयार झाली. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, सोलापूर-अहिल्यानगरकडचा मोठा भाग, आणि राज्याबाहेर गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर कर्नाटक, तेलंगण येथे तिचे मोठे पट्टे आहेत. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे अत्यंत बारीक चिकणखनिज असते. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरतात आणि माती फुगते. पाणी आटले की ते जवळ येतात आणि माती आकसते. वैशाखात शेताला पडलेल्या भेगांत काठी घातली तर हातभर आत जाते, हे कोणा शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तीच भेग आपल्या घराखालीही असते. दिसत नाही एवढेच.

नुसती माती वरखाली झाली असती आणि सगळे घर एकसारखे तिच्याबरोबर हलले असते, तर इतके नुकसान झाले नसते. पण तसे होत नाही. घराच्या कडेची माती पावसात भिजते, उन्हात वाळते. घराच्या मधली माती छपराखाली झाकलेली असते, तिच्यातील ओल बाहेर जायला वाट नसते, म्हणून ती सावकाश ओल धरून फुगत राहते. परिणामी मधली फरशी वर येते, बाहेरच्या भिंतींचे कोपरे वर्षातून एकदा उठतात आणि एकदा बसतात. खिडकी-दरवाजाचे कोपरे हा भिंतीतील सर्वांत कमजोर भाग, म्हणून तिरपा तडा तेथूनच निघतो. उन्हाळ्यात रुंदावणारा आणि पावसाळ्यात मिटणारा तडा दिसला, की तो प्लॅस्टरचा दोष नाही, जमिनीचा आहे, असे खुशाल समजावे.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. मोठ्या, वजनदार इमारतीपेक्षा लहान, हलक्या घराला ही माती जास्त त्रास देते. चार मजल्यांची इमारत आपल्या भाराने मातीचे फुगणे बरेचसे दाबून धरते, आणि बहुधा तिचा पायाही इंजिनियरच्या नकाशाप्रमाणे खोल गेलेला असतो. एकमजली घराचे वजन मातीच्या जोरापुढे कमी पडते. म्हणजे ज्याची ऐपत कमी, ज्याने कर्ज काढून किंवा दागिना मोडून घर बांधले, त्याच्याच भिंतीला ही माती आधी हात घालते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसे दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. त्यानंतर आपल्या भागातील गवंड्यालाही लिंटेल पट्टीचे महत्त्व कळले. भूकंपाने भिंतीचा धडा शिकवला. काळी माती माणसे मारत नाही, एका रात्रीत घर पाडत नाही, म्हणून तिची बातमी होत नाही आणि धडाही कोणी घेत नाही. ती दहा-पंधरा वर्षे घेते आणि घराची किंमत खाऊन टाकते.

दुखण्याचे मूळ : चौरस फुटाचा दर

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्याकडे घराचा मक्ता कसा ठरतो? मालक तीन मिस्त्रींना विचारतो, "चौरस फुटाला काय घेणार?" ज्याचा दर कमी, त्याला काम. या एका आकड्यात पाया, भिंती, स्लॅब, प्लॅस्टर, सारे आले असे समजायचे. जमीन अजून कोणी खोदून पाहिलेली नसते.

समजा, हजार चौरस फुटांचे घर आहे. एक मिस्त्री १८०० रुपये दर सांगतो, म्हणजे १८ लाख. दुसरा अनुभवी आहे. त्याला माहीत आहे की या ले-आऊटमध्ये मुरूम सात-आठ फुटांवर लागतो आणि त्यासाठी दीड लाख रुपये जास्त जाणार. तो १९५० सांगतो. काम कोणाला मिळणार? पहिल्याला. मालकाला दोघांचे घर सारखेच दिसते, कारण फरक जमिनीखाली आहे. दुसऱ्या मिस्त्रीने दोन-तीन कामे अशी गमावली की तोही पुढच्या वेळी १८०० सांगतो, आणि राहिलेले दीडशे रुपये पायातून काढतो. दुसरीकडून काढताही येत नाहीत. टाईल मालकाने निवडलेली असते, सळईची मोजदाद होते, स्लॅबच्या दिवशी सारे घर हजर असते. पायाच्या खड्ड्यात मात्र कोणी उतरून पाहत नाही.

हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. गावोगावचे भाव वेगळे असतील. पण व्यवहार असाच चालतो, हे या धंद्यातील कोणीही सांगेल. इमानदार कारागिराला शिक्षा आणि उथळ पायाला बक्षीस, असा हा बाजार आपणच तयार केला आहे. यात मालक, मिस्त्री आणि माझ्यासारखा दुकानदार असे तिघेही सामील आहोत. नव्या ले-आऊटवर मी स्वतः ऐकलेला संवाद असा :

"शेठ, माती काळी आहे. आणखी तीन फूट खाली जावे लागेल."

"मिस्त्री, जमिनीत पैसा पुरून काय दिसणार? तेवढ्यात माझी गॅलरी होते."

मिस्त्री गप्प बसले. मीही गप्प बसलो, कारण गॅलरीचे रेलिंग माझ्या ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून जाणार होते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे : जोत्यापर्यंतचे काम चौरस फुटाच्या दरातून बाहेर काढा. खड्डा घेऊन माती पाहिल्याशिवाय मालकाने दर विचारू नये आणि मिस्त्रीने सांगू नये. पायाचा हिशेब मापाने करावा. इतके घनफूट खोदाई, इतके घनफूट काँक्रीट, इतके दगडकाम, इतका मुरूम, असा वेगळा कागद व्हावा. जोत्याच्या वरचे काम हवे तर चौरस फुटाने द्या. असे केले तर तिन्ही मिस्त्रींचे दर एकाच पायावर तोलले जातील आणि खोल जाणाऱ्याचे नुकसान होणार नाही.

आधी खड्डा, मग नकाशा

प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत माणूस उतरू शकेल असे खड्डे घ्यावेत. दोन बिगाऱ्यांचे हे फार तर दोन दिवसांचे काम आहे. जेसीबी असेल तर तासाभराचे. काळी माती किती फूट आहे, खाली पिवळसर माती लागते की मुरूम, मुरूम भुसभुशीत आहे की पहार ठणकते, हे डोळ्यांनी पाहावे आणि फुटांत लिहून ठेवावे. दोन खड्ड्यांत फरक आढळला तर तिसरा घ्यावा, कारण अर्धे घर मुरमावर आणि अर्धे मातीवर बसले तर मधोमध तडा ठरलेलाच.

माती किती फुगणारी आहे हे पाहण्याची एक सोपी चाचणी भारतीय मानकात १९७७ पासून दिलेली आहे. वाळवून बारीक चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती मापाच्या दोन काचनळ्यांत घेतात. एकीत शुद्ध पाणी, दुसरीत रॉकेल ओततात आणि चोवीस तास ठेवतात. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते. समजा, रॉकेलमधील माती १२ मिलिलीटरवर राहिली आणि पाण्यातील २१ वर गेली, तर वाढ ९ ची, म्हणजे शेकडा ७५ झाली. हा आकडा ५० च्या वर असेल तर निष्काळजीपणा परवडणार नाही. अनेक पॉलिटेक्निक व अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा ठरावीक शुल्क घेऊन मातीची तपासणी करून देतात. घराच्या एकूण खर्चात ती रक्कम चिल्लर आहे.

प्लॉट घेणाऱ्या व्यापारी बंधूंना यात आणखी एक फायद्याची गोष्ट आहे. सौदा करण्यापूर्वीच खड्डा घ्या. एका ले-आऊटमध्ये मुरूम तीन फुटांवर आहे आणि दुसऱ्यात बारा फुटांवर, तर दोन्हींचा भाव सारखा असता कामा नये. स्वस्त मिळालेला प्लॉट पायात दुप्पट वसूल करतो. कापड घेताना आपण कापड चोळून पाहतो, धान्य घेताना मूठभर हातावर घेतो. जमीन मात्र नुसता सातबारा पाहून घेतो!

पाया किती आणि कसा?

खड्ड्यात जे दिसेल त्यावर पाया ठरतो. प्रत्येक घराचा नकाशा इंजिनियरकडूनच घ्यावा. परंतु मालकाला व मिस्त्रीला मार्ग माहीत असावेत म्हणून थोडक्यात लिहितो.

पहिला मार्ग सर्वांत भरवशाचा. मुरूम पाच-सहा फुटांच्या आत लागत असेल तर काळी माती पूर्ण काढून पाया मुरमावरच घ्यावा, आणि मुरमातही थोडा आत बसवावा. येथे एक-दोन फूट वाचवण्याचा मोह करू नये.

दुसरा मार्ग : मुरूम त्याहून खाली असेल तर सलग चर खोदणे महाग पडते. अशा वेळी ठराविक अंतरावर खड्डे मुरमापर्यंत नेऊन त्यांत कॉलम उभे करतात आणि वर काँक्रीटचा प्लिंथ बीम टाकून भिंती त्यावर घेतात. हा बीम मातीवर टेकवू नये. मानकात त्याच्या खाली कमीत कमी ८० मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीन इंच पोकळी ठेवण्यास सांगितले आहे. माती फुगली तर त्या पोकळीत फुगेल, बीम उचलणार नाही. आमच्याकडे बहुतेक बीम मातीवरच ओततात आणि खोल कॉलमचा सगळा फायदा घालवतात.

तिसरा मार्ग खोल काळीसाठी. रुरकीच्या केंद्रीय बांधकाम संशोधन संस्थेने फार वर्षांपूर्वी अंडर-रीम्ड पाईलची पद्धत विकसित केली. जमिनीत गोल भोक पाडून तळाशी ते विशिष्ट हत्याराने रुंद करतात. सळई घालून काँक्रीट भरले की खाली कांद्यासारखा फुगीर गड्डा तयार होतो. हा गड्डा साधारणपणे खांबाच्या अडीचपट रुंद असतो आणि घराला नांगरासारखा धरून ठेवतो. वरची माती कितीही हलली तरी खांबाचे मूळ खाली स्थिर राहते. मानकाप्रमाणे खोल काळ्या मातीत अशा पाईलची लांबी कमीत कमी साडेतीन मीटर हवी, कारण तेथवर ऋतूप्रमाणे ओल बदलत राहते. विशेष म्हणजे लहान घरांची ही भोके हाताने फिरवण्याच्या गिरमिटानेही पाडता येतात. आपल्या कारागीर तरुणांनी हे काम शिकून हत्यारांचा एक संच घेतला, तर तो एक चांगला स्वतंत्र धंदा आहे. तालुक्याच्या गावी असे काम करणारे फार थोडे भेटतात.

याशिवाय मुंबईच्या आय.आय.टी.चे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी दाखवून दिलेला उपाय आहे. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा सुमारे एक मीटर जाडीचा थर दाबून बसवला, तर खालच्या मातीचे उठणे आवरले जाते. कालव्यांच्या कामात हा उपाय नावाजला आहे. गोडाऊनची किंवा वर्कशॉपची मोठी फरशी करणाऱ्यांनी आपल्या इंजिनियरला याविषयी जरूर विचारावे.

आणि एक पथ्य सर्व मार्गांना सारखेच : खोदून निघालेली काळी माती जोत्यात किंवा पायाच्या बाजूला परत भरू नये. भर मुरमाचीच हवी, ती सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मस करून. माझ्या मेहुण्यांची फरशी उठली ती याच एका चुकीमुळे. मुरमाच्या चार ट्रॉल्या वाचवल्या आणि फरशी दोनदा बदलली.

कोकणातील किंवा मुंबईतील नकाशा आणून येथे घर बांधणारेही पुष्कळ आहेत. रत्नागिरीकडे जांभा दगडावर दोन-तीन फुटांचा पाया पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. तोच पाया परभणी-जालन्याच्या काळीत टिकणार नाही. नकाशा चांगला असतो, पण तो दुसऱ्या जमिनीचा असतो.

पाणी सांभाळा

पाया चांगला असला तरी पाण्याची शिस्त हवीच. घराभोवती तीन-चार फूट रुंद, बाहेर उतार असलेला काँक्रीटचा किंवा फरशीचा पट्टा करावा आणि त्याच्या कडेने नाली काढावी. छपराचे पाणी पन्हाळीने दूर न्यावे, भिंतीच्या पायथ्याशी पडू देऊ नये. न्हाणीचे पाणी, गळका नळ, फुटलेला ड्रेनेजचा पाईप, भिंतीलगतचा शोषखड्डा किंवा फुलझाडांचा वाफा यामुळे माती एकाच ठिकाणी भिजत राहते आणि तेवढाच कोपरा उठतो. याउलट मोठे झाड मातीतील ओल ओढून घेते आणि तेथला कोपरा बसतो. म्हणून झाड घरापासून निदान आपल्या वाढीव उंचीइतके लांब लावावे. इंग्लंडमध्ये १९७६ सालच्या दुष्काळात चिकण मातीवरील अनेक घरांना असेच तडे गेले आणि विमा कंपन्यांवर दाव्यांचा वर्षाव झाला. माणूस कितीही पुढारला तरी माती आपला स्वभाव सोडत नाही.

पायाचे काम पावसाळ्यापूर्वी उरकावे. खोदलेले चर पावसात उघडे राहू देऊ नयेत.

ज्यांची घरे आधीच तडकली आहेत त्यांनी लगेच मिस्त्री बोलावून सिमेंट भरू नये. प्रथम पाणी कोठून मुरते ते शोधून बंद करावे, भोवतीचा पट्टा करावा. तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहावी. काच फुटली तर हालचाल चालू आहे असे समजावे. सबंध वर्ष, म्हणजे एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहून, मग इंजिनियरच्या सल्ल्याने पक्की दुरुस्ती करावी. माझ्या मेहुण्यांनी सात वर्षे रंगावर जो खर्च केला, त्यात भोवतीचा पट्टा आणि नाली सहज झाली असती. ती त्यांनी २०२० साली केली. तडे गेले नाहीत, पण वाढायचे थांबले आहेत.

कागद करा

बिल्डरकडून फ्लॅट घेणाऱ्याला २०१६ च्या रेरा कायद्याने ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोषाविरुद्ध दाद मागता येते. स्वतःच्या प्लॉटवर मिस्त्रीकडून घर बांधणाऱ्याला हे छत्र नाही. विम्याचेही तसेच. नव्या बांधकामाचे बसणे किंवा सदोष काम यांची भरपाई सर्वसाधारण पॉलिसीत मिळत नाही. तेव्हा आपले संरक्षण आपल्याच कागदात आहे. खड्ड्यात काय लागले, पाया किती खोल ठरला, भर कशाची, हे एका कागदावर लिहून मालक व मिस्त्री दोघांनी सही करावी. पाया भरण्यापूर्वी खड्ड्यात टेप लावून फोटो काढावा. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. हा फोटो उद्या घर विकताना किंवा तारण ठेवताना मालकाच्या कामी येईल. तो मिस्त्रीच्याही कामी येईल, कारण मालकाने ऐकले नाही तर "मी सांगितले होते" हे त्याला दाखवता येईल.

मिस्त्री बंधूंना एक विनंती. बांधकामाच्या धंद्यात आपले गवंडी, सेंट्रिंगवाले, फिटर, सुतार मोठ्या संख्येने आहेत. एकट्या मिस्त्रीने "खड्डा पाहिल्याशिवाय दर सांगणार नाही" म्हटले तर काम दुसऱ्याकडे जाईल, ही तुमची भीती खोटी नाही. पण एका गावातील दहा मिस्त्रींनी बसून हे ठरवले, तर मालक कोठे जाणार? यात भाव वाढवण्याचा प्रश्न नाही. आपल्या हाताने बांधलेले घर पंधरा वर्षांनी मान वर करून पाहता यावे, एवढाच प्रश्न आहे. घर ही मालकाने तुमच्या हवाली केलेली अमानत आहे, आणि तिचा निम्मा भरवसा जमिनीखाली असतो.

राहिला दुकानदार. दुसऱ्यांना सांगण्यापूर्वी मी माझ्यापासून सुरुवात केली आहे. गेल्या काही वर्षांपासून टाईल पाहायला आलेल्या गिऱ्हाईकाला मी आधी विचारतो, "खड्डा घेतला का? मुरूम किती फुटांवर लागला?" काहीजण हसतात, काहीजण दुसऱ्या दुकानात जातात. पण काहीजण परत येतात, आणि फुटांचा आकडा सांगतात. त्यांची टाईल थोडी स्वस्तातली असते, गॅलरी पुढच्या वर्षावर ढकललेली असते. माझी विक्री त्या दिवशी कमी होते, हे खरे. पण दहा वर्षांनी तो माणूस वरचा मजला चढवायला निघेल, तेव्हा त्याच्या खाली मजला चढवण्याजोगा पाया असेल, आणि सिमेंट घ्यायला तो माझ्याकडेच येईल. धंदा म्हणूनसुद्धा हा सौदा तोट्याचा नाही.